दिवसाला तीन लिटर पाणी

दिवा (पूर्व)
रविवार, ९ मार्च २०२५

दादा,

साष्टांग नमस्कार. हे दोन शब्द हाताच्या सवयीने उतरले, त्यात मान शोधत बसू नकोस.

माझा नंबर तू ब्लॉक केलास त्याला सव्वा वर्ष झालं. ‘काही सांगायचं असेल तर पोस्टाने लिही, लिहिताना माणूस शांत होतो,’ असा निरोप सोनलवहिनीच्या फोनवरून आला होता. तर लिहिते आहे. शांत झाले की नाही ते तू ठरव. माझ्याबद्दलचं सगळं हल्ली तूच ठरवतोस.

गेल्या रविवारी नौपाड्यात तुझं व्याख्यान होतं, ‘मन खंबीर, आजार दूर’. मी आलेले. मागच्या रांगेत खांबाआड बसले होते. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर लोक कुंड्या लावतात, गाणं शिकतात. तू मानसिक आरोग्य घेतलंस. आवाज चांगला लागतो तुझा, पूर्वी कर्ज नाकारताना लागायचा तसाच.

“माझ्या अगदी परिचयातली एक बाई आहे,” तू म्हणालास. “हुशार. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी, गोड मुलगी. पण मनावर ताबा नाही. बरं वाटलं की गोळ्या बंद. मग काय, नोकरी गेली, घर गेलं.”

पुढच्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, “आता कशी आहे हो ती?”

“सावरतेय हळूहळू. इच्छाशक्ती कमी पडते. मुलगी मात्र सुरक्षित हातांत आहे.”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. न वाजवणारी एकटी बाई उठून दिसली असती.

आता कामाचं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तू म्हणाला होतास, ‘सहा महिने स्थिर राहा, मग अंतराला घेऊन जा.’ सहा महिने ऑगस्टमध्ये झाले. मग म्हणालास दिवाळी होऊ दे. मग म्हणालास नववीची परीक्षा होऊ दे. माझी मुलगी मला महिन्यातल्या शेवटच्या रविवारी चार ते सहा भेटते, तुझ्या हॉलमध्ये, आणि वहिनी समोर बसून त्याच त्या टॉवेलांच्या घड्या घालते. मागच्या वेळी अंतराच्या हातून तू मला छापील कागद दिलास. सकाळी मोकळ्या हवेत फिरणे. सात तास झोप. ताजी फळे. आनंदी माणसांची संगत. आमच्या बिल्डिंगमध्ये दिवसाआड पाणी येतं, तेही पहाटे अर्धा तास, आणि मी चौथ्या मजल्यावर राहते. तेव्हा सकाळचं फिरणं होतं, हातात हंडे असतात एवढंच. आनंदी माणसं त्याच जिन्यात भेटतात.

अंतराला कधी पाठवतोस ते तारखेसकट कळव.

विनिता


दिवा
रविवार, २० एप्रिल २०२५

दादा,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं, परिच्छेदांना आकडे घातलेलं. तारीख मात्र त्यात कुठे नाही. ‘कारणं सांगणारा माणूस बरा होत नाही’ हे वाक्य तू ठळक केलं आहेस. बहुतेक पुढच्या व्याख्यानात येईल.

तू म्हणतोस, बरं वाटलं म्हणून मी गोळ्या बंद केल्या. हे तू इतक्यांदा बोलला आहेस की मलाही पाठ झालंय. खरं काय झालेलं ते मी तुला सांगितलं नव्हतं, कारण तू विचारलं नव्हतंस.

मला बायपोलर आहे. त्यावर लिथियम नावाची गोळी आहे आणि ती मला लागू पडते. नवरा पहिल्याच आजारात गेला, म्हणजे वारला नाही, गेला, तरी त्या गोळीवर मी सात वर्षं नोकरी केली आणि मूल वाढवलं. पण तिने हात थोडा थरथरतो. माझं काम काय होतं? लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, सुई घालायची. लॅब तुझ्या मित्राची. पेशंट कुरकुरायला लागले. साहेब मला आत बोलावून म्हणाले, “मॅडम, हात असे असतील तर काउंटरलाही नाही ठेवू शकत. लोक घाबरतात.” मी म्हटलं, “एक महिना द्या.” त्या एका महिन्यात हात स्थिर करायचा एकच उपाय मला माहीत होता. गोळी अर्धी केली. मग सोडली. हात एकदम स्थिर झाला, दादा. साहेबांनी शाबासकी दिली. सातव्या आठवड्यात मी आजारी पडले.

नोकरी टिकवायला गोळी सोडली आणि गोळी सोडली म्हणून नोकरी गेली. यात इच्छाशक्ती कुठे कमी पडली ते मला आकडा घालून सांग.

घराचंही असंच. हॉस्पिटलमधून आले तेव्हा नौपाड्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीचं सामान जिन्यात होतं. मालक तुझ्या ओळखीचे, तुझ्यासोबत रोज सकाळी तलावाला फेऱ्या मारतात. तू त्यांना एक शब्द बोलला असतास तर पुरला असता. तू म्हणालास, “त्यांचंही बरोबर आहे, बिल्डिंगमध्ये म्हातारी माणसं आहेत.” मग मी डोंबिवलीत तीन घरं बघितली. एजंट विचारायचा, एकट्याच का, तब्येत कशी. मी मूर्ख, खरं सांगायची. दिव्यात कुणी काही विचारलं नाही. दर बदलाला मी स्टेशनापासून, डॉक्टरपासून आणि मुलीपासून थोडी लांब गेले, आणि तू व्याख्यानात म्हणतोस, घर ‘गेलं’. जणू त्याला पाय होते.

सध्या डोंबिवली एम.आय.डी.सी.त प्लास्टिकच्या डब्यांना झाकणं बसवते. झाकणाला माझा हात चालतो. डॉक्टर म्हणतात, या गोळीवर रोज तीन लिटर पाणी प्यायला हवं, नाहीतर औषध रक्तात साठतं. आमच्याकडे बायकांच्या संडासाची चावी सुपरवायझर कुंडलिककडे असते. आठ तासांत दोनदा मिळते. तिसऱ्यांदा मागितली की सगळ्यांसमोर विचारतो, “काय बाई, साखर झालीय काय?” म्हणून आमच्या लाइनीवरच्या सतरा बायका पाणीच पीत नाहीत. मीही नाही.

अंतराची तारीख?

विनिता


दिवा
रविवार, ८ जून २०२५

दादा,

कालपासून हातात पेन धरता येतंय. अक्षर वेडंवाकडं आहे, समजून घे.

तुझ्या पत्रात तू मे महिन्यातल्या प्रकाराला ‘तो गैरसमज’ म्हटलं आहेस. त्या गैरसमजाचा मला आठवणारा भाग आणि गंगुबाईंनी सांगितलेला भाग जोडून लिहिते. गंगुबाई माझ्या शेजारच्या. तू त्यांना मावशी म्हणालास.

मेच्या मध्यात आठ दिवस बिल्डिंगला पाणी नव्हतं. टँकर आमच्या गल्लीत वळत नाही. जार विकत मिळायचा, तो चार मजले वर आणायला दुसरं माणूस लागायचं. मी दिवसाला एक बाटली पीत होते. कंपनीत पत्र्याखाली घाम नुसता गळायचा. आधी जुलाब लागले, मग हात इतके हलायला लागले की झाकण डब्यावर बसेना. बावीस तारखेला माझी जीभ जड झाली आणि कुंडलिक म्हणाला, “बाई, सकाळीच घेऊन आलात काय? घरी जा.” घरी आले ती भिंतीला धरत. गंगुबाईंनी माझ्या कपाटावर चिकटवलेल्या कागदावरून वहिनीला फोन लावला.

आणि तू आलास. मी दिव्यात आल्यापासून पहिल्यांदा. चौथ्या मजल्यावर येऊन तू आधी रुमालाने खुर्ची पुसलीस, हे गंगुबाईंना फार आठवतं. मग माझ्या गोळ्यांची पाकिटं काढून मोजलीस. त्या दोन महिन्यांच्या होत्या, कारण दर महिन्याला ठाण्याला ओ.पी.डी.त जायचं म्हणजे एक दिवसाचा पगार जातो, म्हणून मी डॉक्टरांकडे गयावया करून दोन महिन्यांच्या घेतलेल्या. तू म्हणालास, “बघा, शिल्लक आहेत. हिने घेतल्याच नाहीत. पुन्हा तेच.”

गंगुबाई म्हणाल्या, “रोज घेते हो ती, माझ्यासमोर घेते. आधी डॉक्टरला दाखवा. हे तसलं वेड नाय, हे कायतरी येगळं आहे.”

“मावशी, तुम्हाला यातलं कळत नाही. मी या विषयावर बोलतो.”

मग तू मला चार गोळ्या दिल्यास. घरात अर्धा पेला पाणी होतं, त्याच्याबरोबर. मी मान हलवत होते म्हणे. तू माझी हनुवटी धरलीस. साडेपाचला तू निघालास, कारण सात वाजता तुझा कार्यक्रम होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठेना. गंगुबाईंनी शेजारच्या दोघांना बोलावून मला चादरीत घालून खाली नेलं आणि रिक्षाने सरकारी हॉस्पिटलमध्ये पोचवलं. लिथियम विषाच्या पातळीला गेलेलं. आय.सी.यू., दोनदा डायलिसिस. तू दुपारी आलास आणि डॉक्टरांना चार गोळ्यांचं खरं सांगितलंस. ते सांगितलं नसतंस तर उपचाराला उशीर झाला असता, हेही मला डॉक्टरांनीच सांगितलं. लिहून ठेवते.

तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर बाई पलंगाशी आली. तिने विचारलं, “दिवसाला पाणी किती पिता?”

“एक बाटली.”

“का?”

अकरा वर्षं मी हा आजार घेऊन फिरते आहे. गोळी घेतली का, झोप झाली का, भास होतात का, सगळं विचारून झालंय. ‘का’ कुणी विचारलं नव्हतं. मी तिला जिना, टँकर, कुंडलिक, चावी, सगळं सांगत बसले. ती उभ्या उभ्या ऐकत होती, आणि तिने ते माझ्या केसपेपरवर लिहिलं. तिच्या अक्षरात ‘संडासाची चावी’ असं लिहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

अंतराला यातलं काय सांगितलंस, ते कळव.

विनिता


दिवा
रविवार, १३ जुलै २०२५

दादा,

‘मी जे केलं ते तुझ्या भल्यासाठी.’ असणार. तू दुसऱ्या कशासाठी काही केल्याचं मला आठवत नाही. माझ्या भल्यासाठी तू इतकं केलं आहेस की मी जिवंत कशी राहिले याचं डॉक्टरांनाही नवल वाटलं.

आणि मग, अपेक्षेप्रमाणे, काळा तलाव. तीन पत्रं तू तो हातचा राखून ठेवला होतास. मीही राखला होता, तेव्हा तेवढ्यापुरती आपली बरोबरी.

तर ऐक, माझ्याकडून. डिसेंबर २०२३. मी पाच दिवस झोपले नव्हते. अंतराला शाळेतून काढलं, रिक्षाने कल्याणला नेलं आणि तलावाकाठच्या बाकावर बसवलं. तिला म्हटलं, “इथून हलू नकोस, मी आपल्या बंगल्याची चावी घेऊन येते.” सकाळचे अकरा. मी कल्याणभर फिरत होते, लोकांना घरं वाटत होते. मुलगी माझ्या डोक्यातून पूर्ण पुसली गेली होती. तेरा वर्षांची ती, चार वाजेपर्यंत त्या बाकावरून हलली नाही. लघवीलाही उठली नाही. भेळवाल्याने तिच्या वहीतून तुझा नंबर शोधला. तू गेलास, तिला उचललंस, घरी नेऊन आंघोळ घातलीत, जेवायला घातलंत. त्याबद्दल मी तुझी आजन्म ऋणी आहे, आणि ते बोलून दाखवायची वेळ तू येऊ दिली नाहीस, कारण त्याआधीच तू वसुली सुरू केलीस.

मी आजारी होते हे खरं. ती पाच तास तिथे बसून होती हेही खरं. दुसरं पहिल्याने पुसलं जात नाही. मी रोज सकाळी ते आठवते, तुझ्या छापील कागदात हा व्यायाम नाही.

आता तुझा प्रस्ताव. ऑक्टोबरात जागतिक मानसिक आरोग्य दिनाला तुझा मोठा कार्यक्रम आहे. मी व्यासपीठावर येऊन ‘मी कशी सावरले’ सांगायचं, मजकूर तू देणार. त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीपासून अंतरा माझ्याकडे. या वेळी तू तारीख लिहिली आहेस.

तुझ्या बहिणीचं वेड तुला नऊ वर्षं लपवायचं होतं. आता ते तुला दाखवायचं आहे. माझं दोन्हीकडून नुकसान. येते मी.

विनिता


दिवा
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

दादा,

परवाच्या कार्यक्रमाबद्दल तू वहिनीकरवी अभिनंदन कळवलंस. पोचलं.

मी तुझा कागद शब्द न शब्द वाचला. ‘शिस्त आणि इच्छाशक्ती यांनी मला पुन्हा उभं केलं.’ वाचलं. ‘माझ्या भावाने मला हात दिला.’ वाचलं. तिसऱ्या परिच्छेदात होतं, ‘मे महिन्यात गोळ्यांवरचा माझा ताबा सुटला आणि मी मृत्यूच्या दारात गेले.’ तिथे अडखळले. तू पहिल्या रांगेतून माझ्याकडे बघत होतास. तुझ्या शेजारी अंतरा होती, निळ्या ड्रेसमध्ये, हात मांडीवर. मी तेही वाचलं.

लोक उभे राहिले. एक बाई माझे हात धरून रडली, तिच्या मुलाला हाच आजार आहे. म्हणाली, “तुमच्यासारखी जिद्द त्याच्यात नाही हो.” मला तिला सांगायचं होतं की मे महिन्यानंतर माझ्यात जिद्द वगैरे काही वाढलेली नाही. कंपनीत डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, कुंडलिक म्हणाला, “मग येऊ नका.” गंगुबाईंनी मला डोंबिवलीत एका पोळीभाजी केंद्रात चिकटवलं. तिथे आम्ही सहा बायका पोळ्या लाटतो. तिथे नळ आहे आणि संडासाला आतून कडी आहे. चार महिने झाले, रक्तातली पातळी सरळ आहे. इच्छाशक्ती आहे तेवढीच आहे, नळ नवीन आहे. हे मी त्या बाईला सांगितलं नाही. तू मागेच उभा होतास आणि मला मुलगी हवी होती.

तुझ्याबद्दल मला काय वाटतं ते तुला माहीत आहे. परवापासून त्यातला थोडा भाग मी माझ्याकडेही ठेवला आहे.

अठरा तारखेला तिला घ्यायला येते. पुस्तकं आणि स्वेटर बांधून ठेव.

विनिता


दिवा
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

दादा,

शुक्रवारी तुझ्या सोफ्यासमोर मी काही बोलले नाही, ते तुझ्यापुढे हरले म्हणून नव्हे. अंतरा झोपली होती आणि वहिनी तिच्या कपाळावरची पट्टी बदलत होती. वहिनीचा हात हलका आहे. हे मी पहिल्यांदा नीट बघितलं.

जे झालं ते असं. महिनाभर अंतरा माझ्याकडे होती. आनंदात होती असं मी म्हणत होते. पहाटे माझ्याबरोबर हंडे भरायची, सव्वासहाला शाळेसाठी निघायची, संध्याकाळी गंगुबाईंच्या ओट्यावर बसून दहावीची गणितं सोडवायची. गंगुबाई तिला विचारायच्या, “मामाकडं काय काय खायचीस गं?” आणि ती म्हणायची, “पोळीच. पण गोल.” मी लाटते त्या धंद्याच्या पोळ्या इतक्या गोल असतात, तरी. आम्ही तिघी हसायचो.

माझ्या एक लक्षात आलं नाही. माझ्या टेबलावर तीन बाटल्या रोज भरलेल्या असायच्या, आणि मुलगी स्वतः पाणी पीत नव्हती. शाळेतही नाही, कारण मग घरी आल्यावर संडासला पाणी लागतं. परवा प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. शाळेकडे तुझाच नंबर होता. तू नेलंस तिला, डॉक्टर केलास, आणि माझा नंबर अनब्लॉक करून मला फोन केलास. डॉक्टर म्हणाले लघवीला इन्फेक्शन आहे, शरीरात पाणी नाही. तू म्हणालास, “मी म्हटलं होतं.” हो. म्हटलं होतंस.

ती उठली तेव्हा तू औषधं आणायला गेला होतास. मी म्हटलं, “पाणी का नाही प्यायलीस गं?”

म्हणाली, “तुला तीन लिटर लागतं ना.”

मग जरा वेळाने तिने विचारलं, “आई, मे महिन्यात तू मुद्दाम घेतलेल्यास का गोळ्या?”

मी म्हटलं, “कोण म्हणालं?”

“मामा म्हणाला तू जास्त घेतल्यास. मग तू पण स्टेजवर तेच वाचलंस.”

दादा, ती महिनाभर माझी पाकिटं मोजत होती. रोज, मी आंघोळीला गेले की. तिला वाटत होतं आपली आई मरायला गेली होती, आणि आपण पाण्याचा एक पेला कमी प्यायलो तर ती कदाचित पुन्हा जाणार नाही. बावीस महिन्यांत तू तिला सुरक्षित हातांत ठेवून हे शिकवलंस. आणि मी माइकसमोर उभी राहून त्यावर सही केली.

मी निघाले तेव्हा तू चपला घालून खालपर्यंत आलास. हे तू कधी करत नाहीस. गेटपाशी म्हणालास, “विनू, त्या चार गोळ्यांचं… तिला सांगितलंस का तू?” विनू. किती वर्षांनी. तुझा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं होतं तो तसा बघून मला बरं वाटेल. नाही वाटलं फारसं.

नाही सांगितलं. आता ऐक. अंतरा मार्चपर्यंत तुझ्याकडे राहील. हे मी ठरवलं आहे, तू नाही. तुझ्याकडे चोवीस तास पाणी आहे, तिला स्वतःची खोली आहे, शाळा चालत सात मिनिटांवर आहे. दहावीला हे सगळं लागतं आणि माझ्याकडे यातलं काही नाही. मी बरी आहे, माझे रिपोर्ट बघ हवं तर, आणि तरीही माझी मुलगी माझ्याकडे ठेवता येत नाही. यातलं दुसरं वाक्य तू पावणेदोन वर्षं माझ्या आजाराच्या नावावर खपवलंस. आजाराने मुलगी जात नाही म्हणत नाही मी, एकदा जवळजवळ गेलीच होती. पण या वेळी ती पाण्यापायी जाते आहे. तिला हा फरक कळला पाहिजे, नाहीतर ती जन्मभर माझी पाकिटं मोजेल.

पुढच्या रविवारी मी चारला येते. तू माझ्यासमोर तिला दोन गोष्टी सांगायच्या. आई बरी आहे, तू इथे राहतेस ते घरामुळे. आणि मेमध्ये गोळ्या आईने घेतल्या नव्हत्या, मी दिल्या होत्या. कागद न बघता सांगायचं. मीही सांगेन की स्टेजवर मी खोटं वाचलं.

विनिता


दिवा
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

दादा,

घरी पोचले. निघताना बोलायचं राहिलं म्हणून हे.

तू सांगितलंस. वाईट सांगितलंस, खाकरत, मध्येच ‘त्या परिस्थितीत’ आणि ‘सद्हेतूने’ घालत. पण ‘मी दिल्या’ हे दोन शब्द तू उच्चारलेस, दारात उभ्या असलेल्या वहिनीनेही ऐकले. तिलाही ते माहीत नव्हतं हे तिच्या तोंडावर दिसलं. मी माझं सांगितलं. माझंही काही फार चांगलं झालं नाही.

अंतरा वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत होती. मला वाटलं आता रडेल. तिने वर बघून अगदी साधं विचारलं, शंका विचारतात तसं: “आईने मला पाच तास बाकावर ठेवलं, म्हणून मला तिच्याकडून इथे आणलं. मामाने आईला आय.सी.यू.त घातलं. मग मामाकडून काय काढून घेतलं?”

तू माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्या मदतीला आले नाही. वहिनी आत गेली आणि आतून भांड्यांचा आवाज यायला लागला.

उत्तर सुचेल तेव्हा तिला दे. मला लिहू नकोस.

विनिता